वहिनी, तू आईला गिरणीत नेलंस

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

शिकागोला परत येऊन आठ दिवस झाले. फोनवर आभार मानले तेव्हा तू "चल गो, काहीतरीच" म्हणून विषय बदललास, म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते.

बाबा गेल्यावर आईनं वेंगुर्ल्याची पिठाची गिरणी एकटीनं अकरा वर्षं चालवली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा, मागच्या पावसाळ्यानंतर, गिरणी विकली आणि ती माझ्याकडे आली. इथं ती खिडकीशी बसून राहायची. जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची, त्यापुढे काही नाही. मी तिला उंच इमारती दाखवल्या, तळं दाखवलं. ती "बरा आसा" म्हणायची.

तुमच्याकडे आयोवातल्या डी मॉइनला दोन दिवस राहायला यायचं ठरलं, तेव्हा तूच म्हणालीस, "आत्यांना पेलाला नेऊया." पेला म्हणजे डच लोकांनी वसवलेलं आयोवातलंच गाव. मला वाटलं तिथल्या ट्यूलिपच्या फुलांसाठी. पण ते मे महिन्यात, आणि तोवर आई घरी परतलेली असणार. तुझ्या मनात पवनचक्की होती. रविवारी त्या गावातली बरीच दुकानं बंद असतात म्हणून तू शनिवार धरलास. चक्की त्या दिवशी दळणार आहे का, हे आधी फोन करून विचारलंस. गाडीत घडीची खुर्ची टाकलीस. हे सगळं मला नंतर दादाकडून कळलं.

वाटेत तू आईला त्या गावाची गोष्ट सांगितलीस, तीही कशी, तर आपल्याच कुणा नातलगांची सांगावी तशी. हेन्ड्रिक स्कोल्ट नावाच्या पाद्रीबाबांचं हॉलंडच्या सरकारी चर्चशी पटेना. 1847 मध्ये सुमारे आठशे माणसं घेऊन ते आयोवाच्या माळावर आले आणि गावाला पेला नाव दिलं, आसऱ्याचं ठिकाण म्हणून. पहिल्या हिवाळ्यात कितीतरी कुटुंबं जमिनीत खणलेल्या, वर गवत शाकारलेल्या खोपटांत राहिली. आई मध्येच म्हणाली, "आणि बायलमाणसा?" मग तू स्कोल्टबाईंची गोष्ट सांगितलीस. हॉलंडहून आणलेली त्यांची डेल्फ्ट गावची निळी भांडी प्रवासात फुटली, आणि त्या तुकड्यांची त्यांनी अंगणात पायवाट करून घेतली, असं तिथले लोक सांगतात. चौकाजवळच्या त्यांच्या घरासमोर आई बराच वेळ उभी राहिली. तू घाई केली नाहीस. मी केली असती.

आणि मग ती चक्की. 124 फूट उंच, हॉलंडच्या कारागिरांनी तिकडे घडवून सुट्या भागांत आणलेली आणि 2002 मध्ये इथं उभी केलेली. आत शिरताच आई थबकली. तिला वास आला होता, ताज्या पिठाचा.

तिथल्या गिरणीवाल्या गृहस्थांना तू पहिलं वाक्य काय सांगितलंस, ते मी विसरणार नाही. "या आमच्या आत्या. यांनी स्वतः गिरणी चालवली आहे." मी कुठंही गेले तरी "ही माझी आई, भारतातून आली आहे" एवढंच सांगते. तुझ्या त्या वाक्यानं त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि दगडातून पडणारं पीठ मूठभर आईच्या तळव्यावर ठेवलं. आईनं ते अंगठा आणि बोटात चोळलं. त्यांनीही अगदी तसंच चोळून दाखवलं, आणि दोघं हसली. पीठ कसं उतरतंय ते दोघांचीही बोटं तशीच ओळखतात.

"ह्येंका इचार गो, टाकी कोण मारता?" आईनं विचारलं. दगडाला टाकी लावणं, म्हणजे छिन्नीनं त्याच्या खाचा पुन्हा कोरणं, हे इंग्रजीत सांगायला तुला हातवारे करावे लागले, पण त्यांना कळलं. त्यांनी दगडावरच्या खाचांची नक्षी दाखवली. वारा पडला तर काय, दगड फार जवळ आले तर पीठ तापतं का, दाणा ओला असला तर काय करता, आई विचारत राहिली आणि तू एकही प्रश्न न गाळता सांगत राहिलीस. वरच्या मजल्यावर जाताना तू तिच्या मागे राहिलीस, हात न लावता, पण हात तयार ठेवून. निघताना आई म्हणाली, "आमच्या वेंगुर्ल्याक ह्येंच्या लोकांची वखार आसा म्हणान सांग ह्येंका." सतराव्या शतकातल्या त्या डच वखारीच्या आता पडक्या भिंतीच उरल्यात, पण ते ऐकून ते गृहस्थ पुन्हा थांबले, आणि त्यांनी गावाचं नाव आईकडून दोनदा म्हणवून घेतलं.

1898 पासून चालत आलेल्या यार्स्मा बेकरीत घेतलेलं ते एस अक्षराच्या आकाराचं, आत बदामाचं सारण भरलेलं पक्वान्न आईला नेवरीसारखं वाटलं. ट्यूलिपच्या उत्सवात मिरवणुकीआधी लाकडी बूट घालून रस्ते घासून धुतात, हे ऐकून तिला पालखीआधीचा सडा आठवला. परतीच्या पूर्ण वाटेवर ती बोलत होती. गिरणीबद्दल, बाबांबद्दल, दिवाळीआधी लागणाऱ्या डब्यांच्या रांगेबद्दल. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी पहाटे तुझ्या स्वयंपाकघरात तिनं चक्कीवरच्या पिठाच्या चपात्या केल्या. तू उठून मदतीला गेलीस, तिनं तुला बसवलं, आणि तू बसलीस. त्याबद्दलही आभार. गिरणी विकल्यापासून कुणी तिला कुणासाठी काही करू दिलं नव्हतं, मी तर नाहीच.

त्या पिठाची पिशवी आता इथं फळीवर आहे. थोडं पीठ तिनं डबीत वेगळं ठेवलंय. वेंगुर्ल्याला नेऊन, आता गिरणी चालवणाऱ्या मुलाला ते चोळून बघायला सांगणार आहे. खिडकीशी अजून बसते, पण काल मला हाक मारून म्हणाली, "आज वारो बरो आसा. थंय चक्की फिरत असतली."

तुझी,
नणंद