वेस्टर रॉसची सहल : निघण्याआधी वाचा

मंडळी, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बरेच रस्ते एका गाडीपुरतेच आहेत. समोरून कोणी आलं आणि ‘पासिंग प्लेस’, म्हणजे गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावं म्हणून रस्त्याकडेला रुंद केलेली जागा, डावीकडे असेल तर आत घ्या. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा. तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नका, मागे रांग लागते.

ॲपलक्रॉसचा बेआलख ना बा घाट ६२६ मीटरवर जातो. ढग उतरले असतील तर सरळ इन्व्हर्यू बागेत जाऊ. ऑस्गुड मॅकेन्झी यांनी ती १८६२ मध्ये उघड्या खडकावर सुरू केली. आधी वारा अडवणारी झाडं, मग फुलं. मला विचाराल तर घाटापेक्षा तीच जास्त आवडते!

वारा पडला की मिजेस, म्हणजे बारीक चावरी चिलटं, घोळक्याने येतात. डोक्यावरची जाळी विसरू नका.