दुकानदार उमेदवाराकडून एक खुलासा हवा

महोदय,

आमच्या प्रभागातले एक हार्डवेअरचे दुकानदार सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभे आहेत. 2019 च्या महापुरात त्यांच्या दुकानातली सिमेंटची पोती जागच्या जागी दगड झाली. तरी पाणी ओसरताच त्यांनी गल्लीला खराटे, फावडी, फिनेल वहीत मांडून दिले आणि नंतर पैशांसाठी तगादा लावला नाही. असा माणूस सभागृहात जावा, असेच कुणालाही वाटेल. (दुकानापुढे रचलेले पाइप तेवढे आत घ्यावेत, चालायला रस्त्यावर उतरावे लागते.)

माझी शंका वेगळी आहे. पालिकेची गटारीची, नळाची कामे घेणारे ठेकेदार उद्या माल कुठून उचलणार? नगरसेवकाच्याच दुकानातून उचलला, तर तो नगरसेवक कामाच्या दर्जावर बोलणार कसा? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 नुसार, काही अपवाद सोडता, पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती नगरसेवकपदासाठी अपात्र ठरते. पण ठेकेदाराला गल्ल्यावरून विकलेला माल सहसा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. शपथपत्रातून मालमत्ता कळते, उधारीची वही त्याला कुणी जोडत नाही.

प्रचारफेरी दारात येईल तेव्हा त्यांनी पत्रकासोबत याचे उत्तर द्यावे. जमल्यास शेरी नाल्याबद्दलही बोलावे. कृष्णेत सांडपाणी मिसळण्याचा विषय पत्रकात कुठेच दिसला नाही.

– एक मतदार, सांगली