निदानाच्या कागदामागे लिहिलेला फोन नंबर : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या आधारगटाचा फोन बहुतेक वेळा रात्री दहानंतर वाजतो. मूल झोपेपर्यंत आईवडील थांबलेले असतात, कारण हे बोलणं त्याच्या कानावर जायला नको असतं. आवाज दबका असतो. "डॉक्टरांनी तुमचा नंबर दिलाय," अशी सुरुवात होते. मग जरा थांबून, "तो हे मुद्दाम करत नाही ना?" गेल्या अकरा वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की पलीकडचा माणूस थांबतो तेव्हाच मला कळतं, आता तो येणार. उत्तर दर वेळी सावकाश देते. नाही, तो मुद्दाम करत नाही. तुम्ही त्याला आजवर रागावला असाल, तर मीही माझ्या मुलाला रागावले होते. त्याला शपथ घातली होती, की आज दिवसभर मान झटकायची नाही. सात वर्षांचं पोर, दुपारपर्यंत त्याने ती पाळायचा प्रयत्न केला आणि मग रडायला लागला.

टुरेट सिंड्रोम असलेली मुलं, मोठी माणसं आणि त्यांच्या घरचे यांच्या एका स्थानिक आधारगटाचं काम मी पाहते. गट चालवणारे आम्ही सहाजण आहोत. चौघं पालक, आणि दोघांना स्वतःलाच टुरेट आहे. पगार कुणालाच नाही, कार्यालयही नाही. एक फोन आहे, तो आठवड्याला एकेकाच्या घरी असतो. हे पत्र मुख्यतः त्या फोनबद्दल आहे.

आपल्यासमोर रोज अनेक विषय येतात, म्हणून आजाराविषयी आवश्यक तेवढंच लिहिते. टुरेट हा चेतासंस्थेचा, मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे. साधारण पाच-सात वर्षांच्या वयात डोळे मिचकावणं, मान झटकणं, खांदे उडवणं सुरू होतं. पुढे घसा खाकरणं, नाक ओढणं, एखादा आवाज, कधी एखादा शब्द. आपोआप होणाऱ्या या हालचालींना आणि आवाजांना टिक्स म्हणतात. हालचालींच्या एकाहून जास्त टिक्स आणि आवाजाची निदान एक, अठराव्या वर्षाआधी सुरू झालेल्या आणि वर्षाहून अधिक काळ टिकलेल्या, असं असलं की हे निदान होतं. दर १००० शाळकरी मुलांमागे ३ ते ८ मुलांना तो असतो, म्हणजे कुठल्याही मोठ्या शाळेत असं एखादं तरी मूल असतंच. 'शिव्या देण्याचा आजार' म्हणून लोक ज्याला ओळखतात ते लक्षण फक्त १० ते १५ टक्के लोकांमध्ये दिसतं. बऱ्याच जणांच्या टिक्स दहा-बारा वर्षांच्या वयात सर्वांत जोरात असतात आणि पुढे कमी होतात. सगळ्यांच्या नाही. आणि टिक्सच्या जोडीला अनेकांना चंचलता, मंत्रचळ किंवा चिंता असते. कित्येक घरांत टिक्सपेक्षा त्यांचाच जाच जास्त असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ एका गोष्टीने होतो. टिक थोडा वेळ दाबून धरता येते. शिंक येण्याआधी नाकात जसं हुळहुळतं तशी काहीतरी जाणीव आधी होते, ती वाढत जाते आणि टिक झाल्यावरच शमते. मुलं शाळेत ती दाबून धरतात, कारण मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल करत असतं. घरी आल्यावर दप्तर टाकलं की सगळं एकदम बाहेर पडतं. शिक्षक सांगतात, "आमच्याकडे तर काही करत नाही." घरचे म्हणतात, "म्हणजे तुझ्यापुढेच नाटकं." आणि आई दोन्हीकडून खोटी ठरते. रात्री दहानंतर फोन करणाऱ्यांमध्ये आया जास्त असतात, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

अशा घरांसाठी आम्ही शाळेत जातो. मुख्याध्यापकांसमोर बसतो. पहिला प्रश्न येतो, "आपण डॉक्टर का?" नाही म्हटलं की आम्ही सोबत नेलेल्या माहितीपत्रकाचं वजन निम्मं होतं. मागणं अगदी साधं असतं. टिकसाठी शिक्षा करू नका. वर्गात सारखं लक्ष वेधू नका. दाराजवळची जागा द्या, म्हणजे असह्य झालं तर त्याला पाच मिनिटं बाहेर जाता येईल. परीक्षेला वेगळी खोली द्या, कारण शांत वर्गात टिक दाबण्यातच त्याचा अर्धा पेपर जातो. शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं, आणि समजलं की बहुतेक जण मनापासून साथ देतात. एका बाईंनी तर वर्गातल्या मुलांना स्वतःच सगळं समजावून सांगितलं आणि नक्कल त्याच आठवड्यात थांबली. पण दुसऱ्या शाळेत, तशाच खोलीत, तेच शब्द बोलून आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. मुलाला सवलत मिळणार की नाही हे त्या दिवशी कोण स्वयंसेवक गेला आणि तो किती चांगलं बोलला यावर ठरतं. असं ठरू नये.

महिन्यातून एकदा आमची बैठक असते. तिचं वर्णन थोडं लांबेल, पण आपण ते वाचावं. टिक्सबद्दल बोललं की टिक्स वाढतात. एकाने घसा खाकरला की समोरच्याचा सुरू होतो, तिसऱ्याची मान उडते, आणि पहिली दहा मिनिटं खोलीत जे आवाज होतात ते बाहेरून ऐकणाऱ्याला घाबरवतील. आत कुणीही मागे वळून पाहत नाही. कुणी माफी मागत नाही. नवीन आलेलं मूल मात्र पहिल्यांदा मागतंच, सवयीने. मग पन्नाशीचे एक गृहस्थ, ज्यांचा हात बोलता बोलता छातीवर आपटतो, त्याला विचारतात, "तुझी सगळ्यात जुनी टिक कुठली?" मूल चकित होऊन त्यांच्याकडे बघतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा असा मोठा माणूस पाहिलेला असतो ज्याला हे आहे आणि जो नोकरी करतो, ज्याचा संसार आहे. त्याच्या आईलाही तेच पहिल्यांदा दिसत असतं, आणि ती त्या गृहस्थांच्या हाताकडे न बघता चेहऱ्याकडे बघते. हे कुठल्याही दवाखान्यात घडू शकत नाही, कारण तिथे तो गृहस्थ नसतो.

आम्ही म्हणजे आरोग्यसेवेला कडेने जोडलेला हौशी लोकांचा गट, असा समज असेल तर या आजाराचा इतिहास पाहावा. १८८५ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले तरुण डॉक्टर जॉर्ज जील द ला तुरेत यांनी नऊ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातल्या एका उमराव घराण्यातल्या स्त्रीचं वर्णन तर ज्याँ इतार यांनी १८२५ मध्येच करून ठेवलं होतं. त्यानंतर कित्येक दशकं याचं खापर मनावर आणि घरच्या वातावरणावर फुटत राहिलं. १९६० च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक्स कमी होतात हे दिसलं आणि न्यूयॉर्कच्या आर्थर आणि इलेन शापिरो या दांपत्याने हा चेतासंस्थेचा विकार असल्याचं आग्रहाने मांडलं. मग १९७२ मध्ये तिथल्याच काही कुटुंबांनी एकत्र येऊन संघटना काढली. तीही आमच्यासारखीच घराघरांतली माणसं होती. त्यांनी विखुरलेले रुग्ण जोडले, संशोधनासाठी पैसा उभा केला. २०१० मध्ये नऊ ते सतरा वयाच्या १२६ मुलांवर वर्तन-उपचाराचा जो महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यासाठी तज्ज्ञांना एकत्र आणण्यातही याच संघटनेचा पुढाकार होता. दहा आठवड्यांत आठ भेटी. टिकआधीची जाणीव ओळखायला शिकायचं आणि तिच्या आड येणारी दुसरी हालचाल करायची. उपचार घेतलेल्या मुलांपैकी ५२.५ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा झाली. नुसती माहिती आणि आधार मिळालेल्या गटात ती १८.५ टक्के होती.

म्हणजे उपचार आहे. औषधाशिवायचा आहे, तपासून पाहिलेला आहे, आणि रात्री फोन करणाऱ्या आईला मी तो सांगते. पुढचा तिचा प्रश्न असतो, "कुठे मिळेल?" तिथे मी गप्प होते. शिकलेले चिकित्सक जवळपास नाहीतच. तो उपचार आम्ही स्वयंसेवकांनी करायचा नाही, हे आम्ही स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे आणि ते मोडण्याचा मोह रोज होतो. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या २२४ मुलांवर झालेल्या चाचणीत अशाच प्रकारचा उपचार, चिकित्सकाच्या थोड्याशा साथीने, ऑनलाइन देऊनही टिक्स कमी झाल्या. त्यामुळे गावोगावी तज्ज्ञ नेमावे लागतील ही सबब पुरेशी नाही. मोजके लोक नीट प्रशिक्षित केले तरी ते पुष्कळ घरांपर्यंत पोहोचतील.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमचा फोन पाच महिने कुणीच उचलला नाही. तेव्हा तो एकाच माणसाकडे असायचा. त्याला स्वतःला जोरदार टिक्स आहेत. वर्षानुवर्षं मान झटकून झटकून मणक्यांचं दुखणं लागलेलं, दिवसा नोकरी, रात्री फोन, रविवारी शाळांसाठीची पत्रं. एका रात्री फोनवर एक सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याला जगायचं नव्हतं. आमचा माणूस दोन तास त्याच्याशी बोलत राहिला, मुलाची मोठी बहीण घरी पोहोचेपर्यंत. सकाळी तो कामावर गेला. त्याला कुणीही विचारलं नाही की तू कसा आहेस, कारण विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. माझीही नव्हती असं मी तेव्हा मानलं. माझ्या घरी तेव्हा माझ्या मुलाचं सर्वांत वाईट वर्ष चालू होतं. काही आठवड्यांनी त्याच्या पत्नीने फोन काढून घेतला आणि कपाटात ठेवला. तिने बरोबरच केलं.

त्या पाच महिन्यांत डॉक्टर निदानाच्या कागदामागे तोच नंबर लिहून देत होते. फोन लागत नाही हे एकाही कार्यालयाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नव्हती. पुढे तो माझ्याकडे आला तेव्हा न उचललेल्या कॉलच्या यादीने वहीची तीन पानं भरली. मी एकेकाला फोन लावले. काहींनी मार्ग शोधला होता. काहींना आपण कशासाठी फोन केला होता हे आठवायलाही वेळ लागला. एक आई म्हणाली, "आता गरज नाही," आणि तिने फोन ठेवला. त्याचा अर्थ काय होता, मला अजून माहीत नाही. तो नंबर मी वहीतून खोडलेला नाही.

महोदय, आम्हाला अनुदान द्या ही माझी पहिली मागणी नाही. अनुदानाचा अर्ज आम्ही दोनदा भरला; त्यात 'वर्षभरात बरे झालेले रुग्ण' असा रकाना होता. तिथे शून्य लिहिलं, कारण ते खरं होतं. त्या वर्षी शाळेत परत गेलेली मुलं, मुलाला मारणं थांबवलेला बाप, पहिल्यांदाच एकटीने बसने प्रवास केलेली मुलगी, यांच्यासाठी रकाना नव्हता.

मागणी अशी आहे की निदानानंतरचा तो फोन आपल्या विभागाची जबाबदारी असावा. प्रत्येक जिल्ह्यात नाही जमलं तर काही जिल्ह्यांत मिळून एक, पण पगारी समन्वयक असावा, ज्याचं काम फोन उचलणं आणि योग्य ठिकाणी पोहोचवणं हेच असेल. तो आजारी पडला तर दुसरा येईल अशी सोय असावी. जीवावर बेतणारा फोन आमच्या माणसाकडे आला तर तो त्याच क्षणी कुणाकडे सोपवायचा, हे ठरलेलं असावं, आणि नंतर त्या स्वयंसेवकाशीही कुणी जाणकाराने बोलावं. सरकारी रुग्णालयांतल्या मानसशास्त्रज्ञांना वर्तन-उपचाराचं प्रशिक्षण मिळावं. शाळांसाठी विभागाच्या सही-शिक्क्याचं एक पानाचं पत्र निघावं, जे निदानाच्या दिवशीच पालकांच्या हातात पडेल. पत्राचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. त्यातला शब्दन् शब्द शाळांमध्ये बसून घासला गेलेला आहे.

बैठक मात्र आमच्याकडेच राहू द्यावी. तिथे अधिकाऱ्याने अध्यक्षपद घेतलं, हजेरीपट आला, भाषण झालं, तर मुलं पुन्हा टिक्स दाबून बसतील.

आपण तिथे पाहुणे म्हणून यावं ही विनंती. तारीख आपल्या कार्यालयाला कळवली आहे. सुरक्षारक्षक, छायाचित्रकार दाराबाहेर ठेवावेत. आत आलात की कुठल्याही रिकाम्या खुर्चीवर बसा, आणि शेजारच्याचा हात उडाला किंवा तो ओरडला तर आपलं वाक्य न तोडता पूर्ण करा. आमच्याकडे पाहुण्याला एवढंच सांगितलेलं असतं. ज्याच्या घरी फोन कपाटात गेला होता तो माणूसही आता पुन्हा यायला लागला आहे. फोन तो घेत नाही. नवीन मुलांशी बोलतो.

या आठवड्यात फोन माझ्याकडे आहे.

आपली नम्र,
एका टुरेट आधारगटाची स्वयंसेविका आणि एका मुलाची आई