प्रश्नावली समुपदेशकाची जागा घेऊ शकत नाही

महोदय,

वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांकडून ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घ्यायची आणि गुणांवरून ‘जोखमीच्या’ मुलांची यादी करायची, असा प्रघात काही महाविद्यालयांत पडू लागला आहे. हेतूबद्दल शंका नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्र पहिला होता. आक्षेप आहे तो चाचणीच्या वापराला.

भावनिक अस्थिरता या स्वभावघटकाचा नैराश्याशी आणि चिंताविकारांशी निकटचा संबंध असल्याचे संशोधनातून वारंवार दिसले आहे. मात्र तो समूहाच्या पातळीवरचा असल्याने दुसऱ्या बाकावरच्या अमुक मुलीबद्दल त्यावरून भाकीत करता येत नाही. ‘मी लहानसहान गोष्टींनी अस्वस्थ होते’ या विधानापुढे अंतर्गत परीक्षेच्या आदल्या दिवशी केलेली खूण स्वभावाची की त्या दिवसाच्या ताणाची, हेही गुणांच्या बेरजेतून कळत नाही. कर्तव्यदक्षता एरवी तारून नेते. पण घरच्यांच्या अपेक्षांपोटी आलेला अचूकतेचा हट्ट तिला चिकटला, की वेळेवर जर्नल देणारा आणि हजेरी पूर्ण असणारा मुलगा आतून खचत जातो आणि कोणत्याच यादीत येत नाही. अबोल मुलांना मात्र ‘इन्ट्रोव्हर्ट’ ठरवून सगळे उपदेश करत सुटतात.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी ठेवलेल्या मेंटॉर-मेंटी (मार्गदर्शक शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेले विद्यार्थी) नोंदींची गतही वेगळी नाही. माझ्या पाहण्यातल्या एका नोंदवहीत ‘अडचणी’ या रकान्यात पानभर एकाच पेनाने ‘नाही’ लिहिलेले होते!

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्यास सांगितले आहे. ही जबाबदारी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या गळ्यात घालून कागद पूर्ण करता येईल. पण जिच्या हाती अंतर्गत गुण आहेत, तिच्यापुढे विद्यार्थी मन कसे मोकळे करेल?

म्हणून विद्यापीठांनी समुपदेशकाचे पद अध्यापनापासून वेगळे ठेवावे, चाचणी घ्यायचीच असेल तर ती त्यानेच घ्यावी आणि निकाल वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरू नयेत, असा नियम करावा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापायला तर कोणत्याही मंजुरीची वाट पाहायला नको.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा