साइडपट्टी, घोटा आणि तुमची मॅरेथॉन पुरवणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मॅरेथॉनच्या तयारीवर दोन पानं दिलीत, शूज कुठले घ्यायचे, आदल्या रात्री काय खायचं, 12 आठवड्यांचा तक्ता, सगळं छान होतं, मी तो तक्ता कापून फ्रीजवर लावलाय सुद्धा. पण एवढ्या दोन पानांत "लागलं तर काय करायचं" यावर एक ओळ नाही हो. एक म्हणजे एक नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कात्री लावायची तर लावा पण चार पावलांचं जे खाली लिहिलंय ते तेवढं ठेवा.

मी 44 वर्षांची, साताऱ्यात राहते, नोकरी करते, दोन मुलं आहेत आणि गेली सहा वर्षं धावते. धावते म्हणजे पोडियम वगैरे काही नाही, आमच्या इथल्या हिल हाफ मॅरेथॉनला 21 किलोमीटर अडीच तासांच्या आत यायचं एवढंच, तेही आजवर एकदाच जमलंय. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, रविवारी सकाळी साडेसहाला, आमचा ग्रुप यवतेश्वरचा घाट उतरत होता, धुकं होतं, बारीक पाऊस होता, मागून टू-व्हीलरवाल्याने हॉर्न मारला म्हणून मी डावीकडे सरकले. आता आपल्याकडे रस्त्यांचं काय असतं ते तुमच्या पेपरात रोज येतंच, डांबरावर डांबर, त्यावर परत कार्पेट, रस्ता दरवेळी दोन इंच वर जातो आणि साइडपट्टी बिचारी आहे तिथेच. त्यात पावसाने मुरूम वाहून गेला की कडेला चांगली वीतभर पायरी तयार होते आणि वरून गवत, म्हणजे दिसायचा प्रश्नच नाही. माझं डावं पाऊल अर्धं डांबरावर, अर्धं हवेत. ते आत वळलं आणि कट्ट असा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. दहा फूट पुढे धावणारी मैत्रीण तो आवाज ऐकून मागे वळली, यावरून काय ते समजा.

पुढचा सगळा गाढवपणा आमचा स्वतःचा. मला कठड्यावर बसवलं, शूज काढला, आणि प्रत्येकाचं एकच, "अगं मुरगळलाय फक्त, चालून बघ." मी पण उठले, दोन पावलं टाकली, तिसऱ्याला डोळ्यापुढे अंधारी आली. मग अ‍ॅक्टिव्हावर मागे बसून, पाय लोंबकळत, घरी. घरी सासूबाईंनी मायेने आंबेहळदीचा लेप लावला, शेजारच्या काकांनी पाय चोळून देणाऱ्या एकाचा नंबर दिला, तो माणूस नेमका गावाला गेला होता म्हणून मी वाचले असं आता वाटतं. सोमवारी संध्याकाळी पाय दुधीभोपळ्याएवढा झाल्यावर एक्स-रे काढला तर घोटा दोन्ही बाजूंनी मोडलेला, बाहेरचं हाड पण आणि आतलं टोक पण.

ऑपरेशन लगेच होईल असं वाटलं होतं, तर डॉक्टर म्हणाले थांबायचं, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसायला लागल्या की मग करू, ताणलेल्या कातडीवर टाके घातले तर जखम भरत नाही. म्हणजे पाय लगेच उशीवर उंच ठेवून, बर्फ लावून त्याच दिवशी दवाखाना गाठला असता तर कदाचित हा आठवडा वाचला असता. एक आख्खा आठवडा मी पाय उशांवर ठेवून सुरकुत्यांची वाट बघत पडले होते. या वयात सुरकुत्या कधी येतात म्हणून देवाला विचारणारी मीच असेन.

तर ते चार पावलांचं. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी 1992 मध्ये घोट्यासाठी एक साधा नियम काढला, तो त्या शहराच्या नावानेच ओळखला जातो आणि जगभर वापरतात. घोट्याला जे दोन उंचवटे असतात, आतला आणि बाहेरचा, त्यांच्या टोकावर किंवा टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत हाडाच्या मागच्या कडेवर बोटाने दाबायचं, दुखलं तर एक्स-रे. लागल्या लागल्या चार पावलं टाकता आली नाहीत आणि दवाखान्यात पोचल्यावरही आली नाहीत तरी एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलं पण चालतात, पण चार पाहिजेत. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर एक हाडाचा टेंगळासारखा भाग लागतो आणि आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढे अजून एक हाड, तिथे दाबून दुखलं तरी तेच. एवढंच आहे. आमच्या ग्रुपमध्ये पंधरा माणसं, सगळ्यांना आपली व्हीओटू मॅक्स, म्हणजे धावताना शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, पाठ, घड्याळं वीस-वीस हजारांची, आणि हे एकालाही माहीत नव्हतं. हे एवढं चौकटीत छापलंत तरी पुरवणीचे पैसे वसूल.

ऑपरेशन झालं, बाहेरून प्लेट आणि 6 स्क्रू, आतून 2. मग 6 आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. या काळाबद्दल फार लिहीत नाही, वॉकर, मग कुबड्या, आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल आणि पायाला चिकटपट्टीने बांधलेली कॅरीबॅग, ज्यांच्या घरात होऊन गेलंय त्यांना माहितीय. जिन्याचं तेवढं सांगते, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे मी उलटं करत होते आणि एकदा जवळजवळ खाली आले असते. पोटरी दुखून सुजली तर लगेच फोन करा आणि एकदम दम लागला तर थेट दवाखान्यात या, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, पाय हलत नसला की शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते म्हणून. आणि स्वयंपाकघरात मुलाची अभ्यासाची चाकाची खुर्ची आणली, डावा पाय स्टुलावर, उजव्या पायाने ढकलत ओट्यापासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून सिंकपर्यंत. पोळ्या लाटायला ओटा उंच पडायचा म्हणून पोळपाट मांडीवर. नवरा भात लावायला शिकला ही या सगळ्यातली निव्वळ कमाई.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली, "आता बास झालं हां धावणं." नवऱ्याचा मित्र गेल्याच वर्षी बाइकवरून पडून हात मोडून घेऊन आला होता, त्याला कुणी बाइक सोड म्हणालं नव्हतं. कामाच्या मावशींनी तर सरळ विचारलं, "ताई, कोण लागलंय का मागं, पळताय कशाला?" त्यांच्यावर मात्र राग आला नाही.

आता मुद्द्याचं. प्लास्टर निघालं तेव्हा मला वाटलं झालं, सुटलो. टेबलावर माझाच पाय होता पण ओळखू येईना, पोटरी वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी, कातडीचे पापुद्रे निघतायत, खाली सोडला की पाय जांभळा. डिस्चार्ज कार्डवर शेवटून दुसरी ओळ, "फिजिओथेरपीचा सल्ला दिला." कुठे, किती दिवस, काय करायचं, काय नाही, काही नाही. डॉक्टर भला माणूस आहे, हाड त्याने उत्तम बसवलं, पण बाहेर तीस पेशंट बसलेले, तो तरी किती बोलणार. तीन महिन्यांनी एक्स-रे बघून म्हणाले, "हाड मस्त जुळलंय, आता काहीही करा." मी काहीही करायला निघालेच होते, शूज काढून पुसून पण ठेवले होते. फिजिओ म्हणाली, आधी एका पायावर उभं राहून टाच उचलून दाखवा. मी सगळा जोर लावला, घाम आला, टाच जमिनीवरून एक कागद सरकेल एवढी पण उचलली नाही. उजव्या पायावर त्याच वेळी 25 वेळा उचलली. हाड जुळलंय आणि पाय धावायच्या लायकीचा आहे या दोन गोष्टींमध्ये किती महिने जातात ते मला त्या दिवशी कळलं, 44 व्या वर्षी, सहा वर्षं धावल्यानंतर.

ते महिने भयंकर कंटाळवाणे असतात, आणि याबद्दल कुणी लिहीत नाही कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा. मुलाच्या जुन्या गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकायच्या. रबराचा पट्टा पावलाला अडकवून चारही दिशांना ओढायचा, आधी पिवळा, मग लाल, हिरवा झाला तेव्हा मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते टेपने मोजायचं, उजवा 11 सेंटीमीटर, डावा 2. दोन! अडीच महिने रोज सकाळ संध्याकाळ करून तो 9 वर आला. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, ते जमलं की डोळे मिटून. डोळे मिटले की कळतं घोटा किती बावळट झालाय, त्याला आपण कुठे आहोत हेच समजत नाही, ही समज परत आणली नाही तर पुढच्या खड्ड्यात परत मुरगळणार. माझी खरी परीक्षा मात्र उकिडवं बसण्याची होती, टाचा टेकवून. अंगणातली रांगोळी काढायला मी सात महिन्यांनी बसू शकले, त्याच्या कितीतरी आधी स्टेडियमवर 1 मिनिट धावणं 2 मिनिटं चालणं सुरू झालं होतं. त्यातही फिजिओचा नियम, धावताना दहापैकी दोन-तीन दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर एक पायरी मागे. मी चार वेळा मागे आले. चारही वेळा रडले, लिहायला लाज कसली.

भाचा मला सांगतो, "मावशी, ऋषभ पंत तर मोडक्या पायाने बॅटिंगला आला." आला होता, 2025 च्या जुलैत मँचेस्टरला, आणि 54 रन्स काढले, मी पण टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर पुढची टेस्ट खेळायला त्याला नोव्हेंबर उजाडला हे भाच्याच्या लक्षात नाही. आणि 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये हार्दिक पंड्याचा घोटा आपल्या पुण्यातच, गहुंज्याला, दुखावला, त्यात तर हाडही मोडलं नव्हतं, लिगामेंट होतं, म्हणजे हाडांना हाडं बांधणारा पट्टा, तरी पठ्ठ्या पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मैदानात दिसला नाही. त्यांच्या मागे फिजिओंची फौज असते. आमच्यामागे यूट्यूब.

आणि पैसे. माझी मेडिक्लेम पॉलिसी, कंपनी कुठली ते सांगत नाही, दवाखान्यातून सोडल्यानंतर 60 दिवसांचाच खर्च देते. आता हिशोब करा, त्यातले 6 आठवडे तर पाय टेकवायचाच नव्हता, म्हणजे 42 दिवस गेले. उरले 18. खरी फिजिओथेरपी चालली सहा महिने, एका वेळचे 400 रुपये, आधी आठवड्यातून तीनदा, मग दोनदा. मला परवडलं. पण माझ्याच वॉर्डात एक मुलगी होती, पोलीस भरतीची तयारी करणारी, ग्राउंडवर घोटा मोडलेला, तिचं प्लास्टर माझ्यानंतर आठवड्याने निघालं, आणि फोनवर विचारलं तर म्हणाली फिजिओ नाही लावला काकू, आईने तेल लावून दिलं, हाड जुळलंय म्हणाले ना डॉक्टर. ती लंगडते अजून. तिचा 800 मीटरचा टायमिंग किती असेल मी विचारलं नाही.

तर संपादक साहेब, पुढच्या पुरवणीत शूजच्या लेखाच्या शेजारी एक कॉलम एखाद्या फिजिओला द्या, रंगीत फोटो नको, रेषांची चित्रं पण चालतील. ही भरतीची मुलं-मुली तुमचा पेपर वाचनालयात वाचतात, इन्स्टावरचे रील बघून त्यांना घोटा कळणार नाही. आणि त्या साइडपट्टीबद्दल मी तीन अर्ज केलेत, कुठल्या खात्याला ते जाऊ दे, तिसऱ्याची पोच पण मिळाली. या पावसात गवत परत गुडघाभर वाढलंय. तुमचा फोटोग्राफर पाठवणार असाल तर रविवारी साडेसहाला पाठवा, मी तिथेच असते, उतार अजून चालतच उतरते, आणि रस्त्याच्या मधून.

आपली,
एक वाचक, सातारा