सुट्या शब्दाला अर्थ नसतो

महोदय,
इंग्रजी शब्दांच्या अनेक अर्थांवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ‘सेट’, ‘रन’ यांचे इतके अर्थ मुलांनी पाठ करायचे कसे, हा त्यातला प्रश्नच मला पटला नाही. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. पुढच्या सुधारणेत ‘रन’चे ६४५ भरले. ते पाठ करून कोणीच इंग्रजी शिकत नाही.

मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. पाचवीतल्या एका मुलाने ‘माय फादर रन्स अ शॉप’चा अर्थ वहीत लिहिला होता, ‘माझे वडील दुकानात पळतात’. चूक त्याची नव्हती. ‘रन म्हणजे पळणे’ एवढेच मी फळ्यावर लिहून दिले होते. मग त्याला भूक लागली, ठेच लागली, निकाल लागला, आंबा गोड लागला, घाट लागला अशी वाक्ये दिली. ‘लागणे’चे पाचही अर्थ त्याने झटकन सांगितले. शेजारच्या शब्दावरून तो अर्थ ओळखत होता. नळ, नाक, बस, दुकान यांच्या जोडीने ‘रन’ आला की तोही असाच उलगडतो.

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी शब्दापुढे एकच अर्थ लिहून देण्याची सवय आम्हा शिक्षकांची सुटत नाही. सुट्या शब्दाऐवजी त्याची तीन-चार वाक्ये फळ्यावर लिहावीत. त्याला पाच मिनिटेच जास्त लागतात.

– एक शिक्षिका, सातारा