मांजर आपल्या किनाऱ्यावर कधी उतरली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मांजरांच्या नव्या संशोधनाची बातमी सध्या सगळीकडे फिरतेय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेली, रील्स तर विचारूच नका, पण बहुतेक ठिकाणी एवढंच की मांजर इजिप्तची, तिथं तिची पूजा व्हायची, ममी करायचे, संपलं. लोकं इतक्या प्रेमाने वाचतायत याचा मला आनंदच आहे. पण यातली जी गोष्ट आपल्या किनाऱ्याला येऊन भिडते ती कोणी सांगतच नाहीये, म्हणून हे पत्र.

सायप्रसमध्ये साधारण 9,500 वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेली मांजर सापडली, ते 2004 ला जाहीर झालं. त्या बेटावर मूळची मांजर नव्हतीच, म्हणजे होडीतून कोणीतरी नेली. पुढे असं धरून चालले की शेतकरी पश्चिम आशियातून युरोपात सरकले तशी मांजरंही त्यांच्यामागून गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये सायन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात जो पेपर आला त्यात जुन्या हाडांमधला डीएनए पूर्ण वाचला आणि निघालं भलतंच, युरोपातली आधीची ती मांजरं तिथलीच रानटी होती, घरातली मांजर तिथं गेली ती जेमतेम 2,000 वर्षांपूर्वी आणि तीही उत्तर आफ्रिकेतून. त्याच सुमारास चीनचंही आलं, तिथं शेतकऱ्यांच्या वस्तीत हजारो वर्षं वावरायची ती अंगावर ठिपके असणारी लेपर्ड कॅट, म्हणजे वेगळ्याच जातीची रानमांजर, आपली नेहमीची मांजर पोचली साधारण 1,400 वर्षांपूर्वी, सिल्क रोडच्या व्यापाऱ्यांबरोबर.

म्हणजे मांजर लांबवर पसरली ती व्यापाराबरोबर. मला हे लगेच पटलं कारण माझं काम वाशीच्या दाणा मार्केटमध्ये. इथं तूरडाळीच्या पोत्यांच्या थप्पीवर मांजर झोपलेली असते, गाळेवाला सकाळी दिवाबत्ती झाली की आधी तिचं दूध ओततो मग गादीवर बसतो, माथाडी पण पोतं उचलायच्या आधी तिला हाताने बाजूला करतात, कोणी हाकलत नाही. जिथं धान्य तिथं उंदीर, आणि उंदीर पोती कुरतडायला लागले की नुकसान काय होतं ते इथं कोणालाही विचारा. जहाजावर तर माल महिनोन् महिने पडून असायचा.

आता आपल्याकडचं बघा. 2,000 वर्षांपूर्वी लाल समुद्रावर बेरेनिके नावाचं इजिप्तचं बंदर होतं, भारताचा माल तिथं उतरायचा, मिरी तर मोठ्या मडक्यात भरलेली तिथं सापडलीय. त्याच बंदरात पाळीव जनावरांची दफनभूमी मिळाली, त्यात सगळ्यात जास्त मांजरं, काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टा, काहींच्या मण्यांची माळ. आणि भारतातून नेलेली माकडंही तिथंच पुरलेली! त्याच काळात एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या माहितीत आपलं कल्याण आणि सोपारा नावानिशी आहे. इकडून माकड जहाजात बसून तिकडे गेलं, मग तिकडची मांजर इकडे उतरली का, हा प्रश्न ठाणे-कल्याणच्या माणसाने नाही विचारायचा तर कोणी विचारायचा?

सिंधमध्ये चन्हुदडो या सिंधू संस्कृतीच्या गावात एक वीट मिळाली होती, ती ओली असताना तिच्यावरून मांजर पळाली आणि मागून कुत्रा, दोघांचे पंजे अजून तसेच आहेत. चार हजार वर्षांपूर्वीचे. पण पंजावरून ती घरातली की रानातली हे सांगता येत नाही, त्याला हाडंच लागतात आणि हाडांतला डीएनए. आपल्या गरम, दमट हवेत तो टिकत नाही हे खरंय, हरियाणातल्या राखीगढीला पुरलेल्या माणसांच्या हाडांच्या 61 नमुन्यांमधून एकातच धड मिळाला, तोही कानाजवळच्या कठीण हाडातून. पण एकात मिळाला ना! पुण्याच्या डेक्कन कॉलेजात उत्खननातल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास कित्येक वर्षं चालतो, तेव्हा जुन्या बंदरांवरची मांजरांची हाडं कुठे ठेवलीत आणि ती तपासायला द्यायला काय अडतंय हे तुमच्या वार्ताहराने तिथं जाऊन विचारावं आणि रविवारच्या पुरवणीत पानभर छापावं, फोटोंसकट. बातमी फिरतेय तोवरच छापा, लोकं वाचायला बसलेलीच आहेत.

आपला एक वाचक,
घणसोली, नवी मुंबई